मना आंडोरना घर जावाले बी परवानगी?

‘व्हिसा लागत नाही गं, नुसता एक ऑनलाइन फॉर्म भरायचाय,’ असं भाऊ नैरोबीहून म्हणाला आणि मी ‘हो, एवढंच ना’ म्हणून मोकळी झाले. कॉलेजच्या ऑफिसात माझा सगळा दिवसच फॉर्म भरण्यात जातो. शिष्यवृत्ती, परीक्षा अर्ज, पात्रता प्रमाणपत्र. जून ते सप्टेंबर जळगावातल्या निम्म्या पोरांचे ओटीपी माझ्या कानावरून जात असतील. आई-वडिलांचे, दोन म्हाताऱ्या माणसांचे दोन फॉर्म ते काय, चहा निवेपर्यंत होतील.

तीन रविवार लागले.

भाऊ ठिबक सिंचनाच्या कामात आहे. चार वर्षं झाली केनियात जाऊन. दर दिवाळीला ‘या खेपेला येतोच’ म्हणायचा आणि दर दिवाळीला आई त्याच्या वाटणीच्या करंज्या डब्यात घालून संक्रांतीपर्यंत ठेवायची, मग कामवाल्या मावशींना द्यायची. यंदा त्यानेच फर्मान काढलं, तुम्ही दोघं इकडे या. पासपोर्ट होतेच. तीन वर्षांपूर्वी जळगावला पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात जाऊन काढले होते, तेव्हापासून भुसावळच्या घरी कपाटात, लग्नकार्याच्या साड्यांच्या घडीत, डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पडून होते.

आता हे ‘व्हिसा लागत नाही’ प्रकरण. १२ डिसेंबर २०२३ला, म्हणजे केनियाच्या जम्हुरी (प्रजासत्ताक) दिनी, राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी जाहीर केलं, की जानेवारी २०२४पासून जगातल्या कुठल्याही माणसाला केनियात यायला व्हिसाची गरज नाही. ऐकायला फार छान. पण त्याच दमात ईटीए आलं. इलेक्ट्रॉनिक ट्रॅव्हल ऑथोरायझेशन, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी. पूर्वी आपण ई-व्हिसासाठी ऑनलाइन अर्ज करायचो, ५० डॉलर भरायचो आणि वाट बघायचो. आता ईटीएसाठी ऑनलाइन अर्ज करायचा, ३० डॉलर भरायचे आणि वाट बघायची. सुनेचं नाव बदललं म्हणून सून बदलते का, तसलाच प्रकार. उलट काही आफ्रिकी देशांतल्या लोकांना आधी केनियासाठी काहीच काढावं लागत नव्हतं, त्यांच्याही मागे हा अर्ज आणि ही फी लागली. त्यांनी आरडाओरड केल्यावर मग बहुतेक आफ्रिकी देशांना त्यातून सूट मिळाली. आपल्याला नाही.

ही युक्ती केनियाने शोधलेली नाही. ऑस्ट्रेलियाने १९९६ सालीच सुरू केली होती. अमेरिकेने २००९पासून, कॅनडाने २०१६पासून, आता ब्रिटननेही ती आणली आणि युरोप तयारीत आहे. पण त्या परवानग्या ज्यांना एरवी व्हिसा लागत नाही अशा देशांच्या लोकांसाठी. तिथे आपल्या वाट्याला अजून पूर्ण व्हिसाच आहे, बँकेच्या स्टेटमेंटसकट, मुलाखतीसकट. श्रीलंका, केनिया असे थोडे दरवाजे आहेत, जिथे आपल्यालाही नुसती ही परवानगी पुरते.

नानांना हे सगळं मी समजावून सांगत होते. नाना, म्हणजे आमचे वडील, रेल्वेत गार्ड होते, अडतीस वर्षं भुसावळ. (२०२२पासून रेल्वे गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणते. नानांना ते नाव मुळीच मान्य नाही. ‘मॅनेजर हाटेलात असतो,’ म्हणतात.) त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, ‘म्हणजे लाइन क्लिअर.’

मग त्यांनीच मला समजावलं. एकेरी मार्गावर गाडी एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनाकडे सोडायची असेल, तर इकडचा स्टेशनमास्तर आधी पुढच्या स्टेशनाला विचारतो, गाडी सोडू का? पुढच्याने लाइन क्लिअर दिला तरच इकडून गाडी हलते. गाडी तिथपर्यंत नेऊन मग ‘येऊ का आत’ असं विचारत नाहीत. ‘आणि एक लक्षात ठेव,’ नाना म्हणाले, ‘लाइन क्लिअर मिळाला म्हणून पुढचा होम सिग्नल, म्हणजे स्टेशनात शिरायचा सिग्नल, पडेलच असं नाही. मनमाडच्या बाहेर तास-तास उभे राहिलोय आम्ही.’

मी केनिया सरकारच्या साइटवर नंतर वाचलं, अगदी तेच लिहिलं होतं. ही परवानगी म्हणजे प्रवेशाची हमी नाही. आत घ्यायचं की नाही ते नैरोबीच्या विमानतळावरचा अधिकारी ठरवणार. पण ती नसेल तर मुंबईतच विमान कंपनी बोर्डिंग पास देणार नाही, कारण कागद नसलेला माणूस तिकडे उतरला तर त्याला परत आणायचा खर्च कंपनीच्या बोडक्यावर बसतो. म्हणजे सरहद्द आता नैरोबीला नाही, मुंबईच्या काउंटरवरही नाही. ती माझ्या स्वयंपाकघरातल्या डायनिंग टेबलावर आली, जिथे मी लॅपटॉप उघडून बसले होते आणि आई समोर शेंगा फोडत होती.

आईचा पहिला प्रश्न तिने शेंगा फोडता फोडताच विचारला. ‘मना आंडोरना घर जावाले बी परवानगी लागस?’

आंडोर म्हणजे मुलगा. आई अमळनेरकडची, तिची अहिराणी भुसावळात चाळीस वर्षं काढूनही तसूभर हलली नाही. मी म्हटलं, हो, लागते. ‘तो देनारा कोन शे?’ त्याचं उत्तर काही माझ्याकडे नव्हतं.

पहिल्या रविवारी मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. गुगलवर शोधलं, सगळ्यात वर जी साइट आली ती उघडली. केनियाचा झेंडा, सिंह, सूर्यास्त, सगळं जिथल्या तिथे. नानांचा फॉर्म भरला. फी आली ९५ डॉलर. वाटलं, भाऊने ३० सांगितले, पण कर-बिर धरून होत असतील. कार्ड चाललं नाही. मग आठवलं, आपल्याकडे २०२०पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, आपण ते चालू करायचे असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू केले. पैसे गेले आणि ओटीपी आलाच नाही! आयुष्यभर ओटीपी सांगत-विचारत आलेली मी, तिथेच खरं तर माझे कान उभे राहायला हवे होते. पण परदेशी साइटवर कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे दिले की ओटीपीशिवायही पैसे जाऊ शकतात, हे मला आठ हजार रुपयांना कळलं.

आईचा फॉर्म भरताना खाली अगदी बारीक अक्षरात दिसलं, आम्ही सरकारी संस्था नाही, आम्ही तुमच्या वतीने अर्ज करतो. तोवर नानांचे पैसे गेले होते. आठ दिवस मेलवर मेल केले, ‘तुमची विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ एवढंच उत्तर. परवानगीही नाही, पैसेही नाहीत. केनिया सरकारच्या साइटचा पत्ता ‘गो डॉट केई’ने संपतो. आमच्या ऑफिसात शिष्यवृत्तीच्या खोट्या साइटींबद्दल पोरांना सावध करणारा कागद मीच टाइप करून नोटीस बोर्डावर लावलेला आहे. सोमवारी त्याच्यासमोरून जाताना मी मान खाली घालून गेले.

दुसऱ्या रविवारी खऱ्या साइटवर. पासपोर्टच्या पानाचा फोटो, तिकीट, राहण्याचा पत्ता, भाऊचं निमंत्रणपत्र. हे सगळं जमलं. अडलं चेहऱ्यावर. चेहऱ्याचा फोटो लागतो, मागे काही नको, सावली नको. आईचा फोटो बैठकीत काढला तर मागे कालनिर्णय. कालनिर्णय काढलं तर त्याचा खिळा आणि खिळ्याभोवती वर्षानुवर्षांचा पांढरा चौकोन. शेवटी मागच्या दारी दोरीवर पांढरी चादर टाकली आणि आईला तिच्यापुढे स्टुलावर बसवलं. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. मी म्हटलं, ‘पदर खाली घे, कान दिसू देत.’ तिने अर्धा घेतला. पुन्हा म्हटलं. तेवढ्यात शेजारचे काका गच्चीवर आले आणि पदर झर्रकन कपाळापर्यंत आला. असं चार वेळा झालं. जो फोटो अखेर साइटने घेतला त्यात आई अशी बघतेय, की जणू समोर तलाठी उभा आहे आणि सातबाऱ्यावरून नाव कमी करायला आलाय.

मग नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण. हे फॉर्मचं सगळ्यात सोपं पान मानतात. पासपोर्टवर आहे तसं उतरवायचं. मी उतरवत गेले आणि उतरवताना प्रत्येक ओळीला थांबत गेले.

जन्मतारीख : १ जून १९५९. नानांची : १ जून १९५४. आमच्याकडे त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जून. शाळेत नाव घालायला पोरगं नेलं की मास्तर हाताने कान धरायला सांगायचे, हात डोक्यावरून कानाला पोचला की सहा वर्षांचं, आणि जून महिन्यात शाळा, म्हणून १ जून. व्हॉट्सॲपच्या गावाकडच्या ग्रुपवर त्या दिवशी शुभेच्छांचा असा पूर येतो की फोन गरम होतो. ‘मास्तरनी लिखी टाकं,’ आई म्हणाली. ती खरी जन्मली अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, चार दिवस आधी, एवढं तिच्या आईने तिला सांगितलेलं. साल पक्कं नाही.

नाव : तेही आईचं नाही. माहेरी तिचं नाव दुसरं होतं, लग्नात तांदळात नवं लिहिलं. पासपोर्टवर तेच, मतदार यादीत तेच, आता नैरोबीच्या कुठल्याशा संगणकातही तेच. जन्माचं नाव घेऊन हाक मारणारी दोनच माणसं उरलीत, एक मामा आणि एक गावाकडची मैत्रीण.

जन्मठिकाण : अमळनेर, महाराष्ट्र. पण १९५९ साली महाराष्ट्र कुठे होता? आईच्या शाळेच्या दाखल्यावर गावाच्या नावापुढे ‘ता. अमळनेर, जि. पूर्व खानदेश’ असं शाईने लिहिलंय. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, महाराष्ट्र झाल्यावर पूर्व खानदेशाचं जळगाव झालं आणि पश्चिमेचं धुळं, पुढे १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निघालं. म्हणजे आई जन्मली तो जिल्हाही त्या नावाने आता नाही आणि ते राज्यही नाही. पण पासपोर्टवर महाराष्ट्र म्हटलंय, महाराष्ट्र लिहिलं. तारीख मास्तरांची, नाव सासरचं, राज्य नंतर झालेलं. खालच्या चौकोनात टिचकी मारायची होती : वरील सर्व माहिती खरी आहे. मारली.

‘धंदा?’ मी विचारलं. नानांचं सोपं होतं, सेवानिवृत्त. आईपुढे मी ‘गृहिणी’ निवडलं आणि तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘चाळीस साल कापूस येचा, ते काय मंग?’ लग्नानंतरची सहा वर्षं ती पाचोऱ्याजवळ आमच्या गावी सासू-सासऱ्यांजवळ राहिली, नाना एकटे भुसावळला. नंतर क्वार्टर मिळालं तरी वेचणीला, निंदणीला ती दर हंगामात गावी जायची, साठी उलटेपर्यंत. मी पर्याय शोधले. शेतकरी होता. तोच ठेवला. तिने बघितलंही नाही, पण शेंगा फोडायचा वेग वाढला.

आणि मग तो प्रश्न आला. तुम्हाला यापूर्वी कुठे प्रवेश नाकारण्यात आला आहे का?

मी हसत हसत वाचला. असले प्रश्न या फॉर्मात असतात. गुन्ह्यासाठी शिक्षा झाली आहे का, अमुक इतकी रोकड नेताय का. कोण ‘हो’ म्हणणार आहे? पण आई शेंगा फोडायची थांबली.

खानदेशात अखाजी म्हणजे लेकींचा सण. बाकी महाराष्ट्राला अक्षय तृतीया म्हणजे सोन्याच्या दुकानाची जाहिरात. आमच्याकडे त्या दिवशी लेकी माहेरी येतात, गौराई बसवतात, झाडाला झोके बांधतात, आमरस आणि खापरावरचे मांडे होतात. लेकीला आणायला तिचा भाऊ सासरी जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळ्याची वाट बघणं हा सासुरवाशिणीचा चैत्र-वैशाखातला एकच धंदा. कुणाच्या दारात बैल थांबले, कोण कुठल्या गाडीने उतरलं, यावर अख्खी गल्ली कान लावून.

आईच्या लग्नानंतरची ती दुसरी अखाजी. मामा अमळनेरहून निघाला, जळगावला गाडी बदलून पाचोऱ्याला उतरला, तिथून चालत गावी आला. तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. पायजमा, नवी टोपी, हातात गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी. त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. रात्री जेवायला वाढलं. आणि जेवण झाल्यावर आमचे आजोबा, आबा, पानाला चुना लावत म्हणाले, यंदा नाही जमायचं. कारण? कारण आमच्या दोन्ही आत्या अखाजीला माहेरी यायच्या होत्या. लेकी घरी आल्या तर रांधणार कोण?

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. आत्यांना झोका मिळावा म्हणून आईचा झोका गेला, आणि आत्यांच्या सासरीही त्यांची कुणीतरी वहिनी अशीच मागे राहिली असणार. आबा दुष्ट मुळीच नव्हते. मला खांद्यावर बसवून जत्रेला नेणारे, उन्हाळ्यात माठातलं पाणी वाटसरूंना स्वतः ओतून देणारे आबा. त्यांच्या मनाला ते लागलंही नसेल. सगळीकडे तसंच चालायचं.

‘मामा रातभर ओटावर बठेल व्हता,’ आई म्हणाली. सकाळी निघाला. आईने भाकरी बांधून दिली, ती त्याने घेतली नाही.

मी म्हटलं, ‘अगं, पण हा तर बाहेर पडायला नकार झाला. इथे विचारलंय आत यायला कधी नाकारलं का.’

आईने माझ्याकडे पाहिलं. मी ‘नाही’वर टिचकी मारली.

एवढ्यावर भागलं असतं, पण घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. तिसऱ्या आठवड्यात भाऊचा फोन : पीतज्वराची लस घेतली ना? ही लस केनियाला आपल्याकडून नको आहे. भारतात पीतज्वर नाही. ती हवी आहे भारताला, तिकडून परत येताना. केनिया पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहे आणि आपल्याकडे तो पसरवू शकणारा डास मात्र आहे, तोच डेंग्यूवाला. म्हणून अशा देशातून येणाऱ्याकडे लसीचं पिवळं कार्ड नसेल, तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. आणि हे कार्ड लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. आता ते जन्मभर चालतं, २०१६पर्यंत दर दहा वर्षांनी घ्यावी लागायची.

आईने हे ऐकून नुसता कपाळाला हात लावला. ‘आपलाच देशमा येवाले बी कागद?’

ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. आम्ही मुंबई गाठली. साठीच्या पुढच्या माणसांना ती जपून देतात, दुर्मिळ का होईना पण गंभीर त्रास होण्याची शक्यता त्या वयात वाढते. म्हणून डॉक्टरांनी दोघांनाही बसवून बारकाईने विचारलं. बीपी, साखर, कुठली औषधं, आधी कसली ऑपरेशनं. मग विचारलं, अंड्याची ॲलर्जी? ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, म्हणून विचारतात. आई माळकरी. कोथळीच्या मुक्ताईला तिची एकादशी चुकत नाही. ती म्हणाली, ‘खाल्लंच नाही कधी, तर काय सांगू?’ डॉक्टर दोन सेकंद पेन धरून थांबले. त्यावर त्यांनी काय लिहिलं ते दिसलं नाही. बाहेर आल्यावर नाना मला हळूच म्हणाले, अंड्याचं आईला आता परत सांगू नकोस. सांगितलं नाही. हा लेख ती वाचणार नाही, एवढ्या भरवशावर लिहितेय.

नानांना दोन दिवस अंग कणकण. आईला काहीच नाही.

गाडीत येताना नाना खिडकीशी बसून गप्पा मारत होते. मी त्यांना नैरोबीबद्दल वाचलेलं सांगितलं. मोम्बासाच्या बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत इंग्रजांनी रेल्वे बांधली, १८९६ ते १९०१. तिच्यासाठी हिंदुस्थानातून बत्तीसेक हजार मजूर नेले, बहुतेक पंजाबातले. अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले, काहींना त्सावो नदीच्या पुलाजवळ सिंहांनी उचललं. आणि नैरोबी हे गाव मुळात नव्हतंच. १८९९ साली रुळांचा माल ठेवायला, डबे दुरुस्त करायला माळावर एक तळ टाकला, त्याच्याभोवती शहर वाढलं.

‘म्हणजे भुसावळच की!’ नाना एवढ्या मोठ्याने म्हणाले, की वरच्या बर्थवरचा माणूस उठून बसला. केनियाबद्दल त्यांच्या मनात जे काही परकं होतं, ते त्या एका वाक्यात संपलं. तेव्हापासून ते ‘तिकडचं यार्ड बघायचंय’ म्हणतात. जिराफ-हत्तींचं कुणी नाव काढलं तर त्यांना त्यात गम्य नाही.

परवानगी आली ती पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी. आधी आईची, दुसऱ्या दिवशी नानांची. साइट म्हणते तीन दिवस लागतात, बरोबर तेवढेच लागले. मी सकाळी फोन केला. आईने विचारलं, किती दिवसांची? मी सांगितलं, नव्वद दिवसांपर्यंत राहता येईल.

‘नव्वद?’

‘हो.’

बराच वेळ तिकडून काही आलं नाही. मागे कुकरची शिट्टी झाली. ‘तितला दिन कोन राहस?’ आई म्हणाली. मी तिला विचारलं, माहेरी सगळ्यात जास्त किती दिवस राहिली होतीस गं? बाळंतपणं सोडून. ती म्हणाली, आठ. मग म्हणाली, नाही, सात. आठव्या दिवशी आबांचा निरोप आला होता.

नानांनी दोन्ही परवानग्यांच्या तीन-तीन प्रती काढल्या आणि स्टेशनसमोरच्या दुकानातून लॅमिनेट करून आणल्या. आता घडी पडत नाही, खिशात मावत नाही, पण चुरगळणारही नाही. त्या, पिवळी कार्डं आणि पासपोर्ट, सगळं त्यांच्या ड्यूटीच्या जुन्या पेटीत आहे. लाल-हिरवी झेंडी काढून जागा केली.

सध्या बांधाबांध चालू आहे आणि तीही साधी राहिलेली नाही. केनियात ऑगस्ट २०१७पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, आणि ती आपल्याकडच्या २०१८च्या बंदीसारखी भाजीवाल्याच्या हातगाडीखाली लपत नाही. तिकडे तुरुंगापर्यंतची शिक्षा आहे, बाहेरून येणाऱ्यांनाही अशा पिशव्या आणू नका सांगतात. आईने आधीच बिबडे, शेवया, कळण्याचं पीठ, काळा मसाला असं सगळं पिशवीत पिशवी घालून, रबर लावून तयार ठेवलं होतं. ते सगळं सोडवलं. तिच्या एका जुन्या सुती नऊवारीच्या, किनार ठेवून, अकरा पिशव्या शिवल्या. रात्री मशीन चालू होतं, साडेदहापर्यंत. प्रत्येक पिशवीला नाडी. आता बिबड्यांना हिरवी जरीची किनार आहे.

काल रविवारी व्हिडिओ कॉल झाला. भाऊ सांगत होता, विमान पहाटे उतरेल, मला त्या दिवशी साइटवर जायचंय, मी ड्रायव्हर पाठवतो, तुमच्या नावाची पाटी घेऊन उभा असेल, काही काळजी करू नका.

आईने फोन माझ्या हातातून घेतला. एवढा जवळ धरला की तिकडे त्याला तिचं नुसतं कपाळच दिसत असणार.

‘तू लेवाले येशी ना?’

‘अगं आई, ड्रायव्हर चांगला आहे, हिंदी येतं त्याला...’

‘तू येशी तं मी येस. नही तं राहू दे.’

आणि फोन माझ्या हातात देऊन ती पिशव्यांना नाड्या ओवायला निघून गेली. भाऊने रात्री मेसेज केला, एका दिवसाच्या रजेचा अर्ज टाकलाय म्हणून. तोही ऑनलाइनच असतो. मंजुरी अजून आलेली नाही.